उत्क्रांतिवादाचे कूळ आणि फळ : सृष्टिवाद्यांचा आक्षेप

चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्यातील सिद्धांतावर दोन प्रकारचे आक्षेप घेतले गेले आहेत : एक त्याच्या पुराव्याविषयी, दुसरा त्याच्या उगमाविषयी व परिणामांविषयी. बायबलमधील सृष्टिकथेला प्रमाण मानणाऱ्या अमेरिकेतील सृष्टिवाद्यांच्या लेखनात दुसऱ्या आक्षेपाला मोठे स्थान आहे. तो ध्यानात घेतल्याखेरीज या वादाचा चिवटपणा उमगत नाही.

प्रथम उगमाचा विचार करू. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्रज्ञ चार्ल्स हॉज यांनी १८७४ साली ‘डार्विनवाद म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारून ‘निरीश्वरवाद’ असे उत्तर दिले. सृष्टिरचनेमागील हेतू नाकारणे हेच त्यांच्या मते या सिद्धांताचे मर्म होते. हेन्री मॉरिस यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात याहून मागे जाऊन उत्क्रांतिकल्पनेचे मूळ प्राचीन बॅबिलोनमधील ईश्वरद्रोहात शोधले. यात सत्याचा अंश इतकाच, की ही कल्पना डार्विनहून जुनी आहे. त्याचे आजोबा इरॅस्मस यांनीही ती मांडली होती. आणि नैसर्गिक निवडीचे सूत्र डार्विनला १८३८ साली माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना सुचले. परंतु नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सिद्धांताचे कूळ पाहण्यास हरकत नाही. मात्र त्यावरून त्याची सत्यासत्यता ठरत नाही. ती जीवाश्म, प्राण्यांची शरीररचना आणि आनुवंशिकता यांच्या साक्षीवरूनच ठरते. शिवाय हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती असूनही डार्विनचे पुरस्कर्ते होते. हॉज यांचे उत्तर अपरिहार्य नव्हते, हे त्यावरून दिसते.

परिणामांविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. अध्यक्षपदाची निवडणूक तीनदा लढविलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी १९१५ साली युद्धाच्या दिशेने जाणाऱ्या धोरणाच्या निषेधार्थ परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते. बलिष्ठाने दुर्बलाला चिरडणे हा निसर्गनियम मानला, तर दयाधर्माला आधार कोणता, ही त्यांची चिंता होती. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर, मानव खालच्या प्राण्यांपासून निर्माण झाला असे शिकविल्याबद्दल खटला भरला गेला. तेथे ब्रायन सरकारपक्षाकडून उभे राहिले. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. वरिष्ठ न्यायालयाने तो १९२७ साली तांत्रिक कारणावरून रद्द केला.

या खटल्यातील पाठ्यपुस्तकाकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. जॉर्ज हंटर यांच्या १९१४ च्या त्या पुस्तकात मानववंशांची उच्चनीच क्रमवारी होती, आणि तथाकथित ‘हीन’ कुटुंबांची वंशवृद्धी रोखण्याचा पुरस्कारही होता. म्हणजे ब्रायन यांचे भय निराधार नव्हते. पण ते ज्याला भ्याले तो विचार जीवांच्या समान वंशपरंपरेतून निष्पन्न होत नाही. उलट सर्व मानवांचे पूर्वज एकच, हेच डार्विनचे प्रतिपादन होते. निसर्गात काय घडते यावरून माणसाने काय करावे, हे ठरत नाही.

सृष्टिवाद्यांचा निष्कर्ष न स्वीकारताही त्यांची शंका ऐकून घेणे आवश्यक आहे. विज्ञानाच्या नावावर माणसामाणसांत उच्चनीचता लादली जाते तेव्हा दोष सिद्धांताचा की तो वापरणाऱ्याचा, हे विज्ञानाच्या अभ्यासकानेच प्रथम स्पष्ट केले पाहिजे.