आपल्या फाट्यावरून समुद्राकडे

वारंगा फाट्यावर उभं राहिलं की नांदेड, हिंगोली आणि हदगाव या तीन वाटा आपल्याला रोजच्या. त्यातली नांदेडची वाट पुढे लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरते आणि रत्नागिरीला समुद्रापाशी पोचते. अंतर ६०० किलोमीटरहून जास्त. तुळजापूरपर्यंत आपल्यातल्या बऱ्याचजणी जाऊन आल्यात. समुद्र मात्र आमच्या गटातल्या १२ जणींपैकी एकीनंच पाहिला होता.

देवाला जायचं म्हटलं की घरचे सोडतात. नुसतं पाहायला जायचं म्हटलं की विचारतात, "तिथं काय ठेवलंय?" काय आहे, तेच आज सांगतो.

आधी पैशाचं. बचतीला हात लावायचा नाही, हे बैठकीत पहिलं ठरलं. ती अडीअडचणीच्या कर्जासाठी. सहलीचा डबा वेगळा केला, वर्षभर जमेल तसं त्यात टाकलं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. म्हणून गाड्या बदलत एसटीनंच गेलो. हळद शिजवून बाजारात गेली, तेव्हा मार्चअखेर निघालो.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. थिबा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला राणी व मुलींसह इथं नजरकैदेत ठेवलं. वाडा बांधून झाला १९१० मध्ये, राजा वारला १९१६ मध्ये. एवढ्या मोठ्या वाड्यात त्या मायलेकींनी दिवस कसे काढले असतील, यावर आमची चर्चा बराच वेळ चालली.

तिथून सागरी मार्गानं दक्षिणेला वळलो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला आंबा-काजूच्या बागा. मध्ये खाड्या आणि त्यांवरचे पूल. इथली जुनी घरं तांबड्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची, वर उतरतं कौलारू छप्पर. पाऊस फार म्हणून उतार. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून माळवदाची सपाट घरं. घर पाहून पावसाचा अंदाज येतो, हे तिथं कळलं.

मालवणहून होडीनं सिंधुदुर्गावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू केलं, ते १६६७ मध्ये पुरं झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आम्ही त्या विहिरींपाशीच जास्त रेंगाळलो. पावसाळ्यात मात्र या होड्या बंद असतात, हे ध्यानात ठेवा.

पुढे वेंगुर्ल्याजवळ वायंगणीचा किनारा. इथं ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. कुत्र्या-कोल्ह्यांपासून ती अंडी गावची माणसं राखतात. साधारण ५० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात. पिल्लू तळहातापेक्षाही लहान, पण समुद्राची दिशा त्याला कुणी सांगावी लागत नाही.

शेवटी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत गेलो. तिथं कांदळवन आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारं जंगल. काही झाडांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. त्या मुळांच्या आडोशाला मासे, खेकडे, कोळंबीची पिल्लं वाढतात. लाटांचा जोरही तिथं मोडतो, म्हणून किनारा खचत नाही. इथं 'स्वामिनी' हा महिला बचत गट २०१७ पासून पर्यटकांना होडीतून हे जंगल दाखवतो. बाया स्वतः वल्ही मारतात, झाडं आणि पक्षी ओळखून सांगतात आणि त्याचे पैसे घेतात. कांदळवन तुटलं तर त्यांचा धंदाही बसेल, म्हणून त्या ते जपतात. आम्ही पापड-शेवयांच्या पुढे कधी गेलो नव्हतो. आजूबाजूची माहिती सांगणं हाही व्यवसाय असतो, हे आम्हाला त्या होडीत बसून समजलं.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत हा विषय घेतला. औंढा नागनाथला भाविक येतात. कळमनुरीजवळ इसापूर धरण आहे. फाट्यावर खिचडी खायला गाड्या थांबतात. थांबलेल्या माणसाला दाखवावं, सांगावं, विकावं असं आपल्याजवळ काय आहे, याची यादी इतिवृत्तात लिहिली. सध्या त्यात चार गोष्टी आहेत, त्यातली पहिली घरची हळद. तुमच्या गटानंही अशी यादी करा. आणि सहलीचा डबा येत्या बैठकीपासूनच सुरू करा, म्हणजे पुढच्या हळदीनंतर निघता येईल.