पेशीय ऊर्जा, निरोगी वार्धक्य आणि आहारपूरकांचे संयोजन : खारेपाटण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
वाढत्या वयाबरोबर शरीरातील पेशींची ऊर्जानिर्मिती मंदावते, हे जीवरसायनशास्त्राने सिद्ध केले आहे. ही घट रोखण्यासाठी अनेक आहारपूरके एकत्रितपणे घेण्याची प्रथा शहरांप्रमाणेच ग्रामीण भागातही रूढ होत आहे. प्रस्तुत लेखात पेशीय ऊर्जेची प्रक्रिया, पूरकांच्या संयोजनामागील शास्त्रीय तत्त्व, त्याला मिळालेला चाचण्यांचा आधार व त्याच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला असून खारेपाटण परिसरातील आहारपरंपरेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

सूचक शब्द : तंतुकणिका, एटीपी, आहारपूरके, जीवनसत्त्व ब-१२, कोएन्झाइम क्यू-१०, वार्धक्य.

प्रस्तावना :
खारेपाटण हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील शुक नदीच्या काठी वसलेले प्राचीन गाव आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० (इ.स. १००८) मधील ताम्रपट येथे सापडल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. एके काळी खाडीमार्गे चालणारा येथील व्यापार नदीपात्र गाळाने भरत गेल्यामुळे ओसरला. आज मुंबई-गोवा महामार्गावरून सिंधुदुर्गात प्रवेश करताना लागणारे गाव अशी त्याची ओळख आहे.

या जिल्ह्याच्या लोकसंख्येचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ असलेली सिंधुदुर्गची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ इतकी झाली. म्हणजे ती घटली. तरुण पिढी रोजगारासाठी मुंबईस जाते आणि घरी वृद्ध आईवडील राहतात, हे कोकणातील सर्वपरिचित चित्र आहे. गणपतीला येणारा चाकरमानी आता मिठाईबरोबर जीवनसत्त्वांच्या व ‘शक्ती’च्या गोळ्यांच्या बाटल्याही आणतो. त्यामागील भावना प्रेमाची असते, यात संशय नाही. मात्र घरातील वृद्ध व्यक्ती मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकाराची औषधे आधीपासूनच घेत असेल, तर या बाटल्यांतील घटक त्या औषधांशी व परस्परांशी कसे वागतात, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

उद्दिष्टे :
१) पेशीय ऊर्जानिर्मितीत पोषक घटकांचे कार्य स्पष्ट करणे.
२) आहारपूरकांच्या संयोजनामागील तत्त्व व त्याचा पुरावा तपासणे.
३) कोकणातील पारंपरिक आहाराचे या दृष्टीने मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती :
सदर लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन :

१. पेशीतील ऊर्जेचा कारखाना
आपण खाल्लेल्या अन्नातील ऊर्जा शरीराला थेट वापरता येत नाही. ती पेशीतील तंतुकणिकांमध्ये एटीपी या रेणूच्या रूपात साठवली जाते. पिष्टमय पदार्थांपासून तयार झालेले पायरुव्हेट व मेदाम्ले तंतुकणिकेत येतात, क्रेब्ज चक्रात त्यांचे टप्प्याटप्प्याने विघटन होते आणि मुक्त झालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून प्राणवायूपर्यंत पोहोचवले जातात. या वहनातून एटीपी कसे तयार होते, हे पीटर मिचेल यांनी उलगडून दाखवले व त्यासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या कारखान्यातील प्रत्येक यंत्राला एखादा सुटा भाग लागतो. पायरुव्हेटचे रूपांतर करणाऱ्या विकराला ब-१ (थायमिन) हवे. इलेक्ट्रॉन वाहून नेणारे एनएडी हे ब-३ (नियासिन) पासून बनते, तर एफएडी हे ब-२ पासून. इलेक्ट्रॉनांच्या साखळीत ये-जा करणारा कोएन्झाइम क्यू-१० हा रेणू फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ मध्ये बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांतून वेगळा केला. लांब साखळीची मेदाम्ले तंतुकणिकेच्या आत नेण्याचे काम कार्निटिन करते. विशिष्ट मेदाम्ले व अमिनो आम्ले यांचे अवशेष क्रेब्ज चक्रात आणणाऱ्या एका विकराला ब-१२ लागते. यांपैकी एकही भाग कमी पडला तर इतर सर्व भाग मुबलक असूनही उत्पादन अडते. पूरकांच्या संयोजनाची मूळ कल्पना याच वस्तुस्थितीतून निघाली आहे.

२. वार्धक्य आणि मुक्त मूलके
ऊर्जानिर्मितीच्या वेळी काही इलेक्ट्रॉन साखळीतून निसटतात व त्यांपासून मुक्त मूलके तयार होतात. त्यांच्या आघातांमुळे शरीर जीर्ण होते, असा सिद्धान्त डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला आणि १९७२ मध्ये त्याचा संबंध तंतुकणिकांशी जोडला. या सिद्धान्तामुळे अँटिऑक्सिडंट गोळ्यांचे युग सुरू झाले. पुढील संशोधनाने मात्र चित्र गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले. मुक्त मूलके अल्प प्रमाणात पेशीला संदेश देण्याचे कामही करतात. २००९ मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात व्यायाम करणाऱ्या तरुणांना क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम व ई जीवनसत्त्व ४०० एकक दररोज दिले असता, व्यायामामुळे इन्शुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा दडपली गेल्याचे आढळले. म्हणजे घामाने मिळवलेला लाभ गोळीने पुसला. ‘अति तेथे माती’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

३. संयोजनाचा पुरावा
संयोजनाच्या बाजूने बोलणारा एक गाजलेला प्रयोग २००२ मध्ये ब्रूस एम्स व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. वृद्ध उंदरांना असिटिल-एल-कार्निटिन व अल्फा लिपोइक आम्ल एकत्र दिले असता त्यांची हालचाल व तंतुकणिकांचे कार्य सुधारले. कार्निटिन इंधनाचा पुरवठा वाढवते, तर त्याबरोबर वाढणाऱ्या ऑक्सिडीकरणाला लिपोइक आम्ल आवर घालते, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. तथापि उंदरांत जे दिसते ते माणसांत तसेच दिसेल असे नाही.

माणसांवरील चाचण्यांत स्वीडनमधील एक चाचणी उल्लेखनीय आहे. ४४३ वृद्धांना चार वर्षे सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम व कोएन्झाइम क्यू-१० २०० मिलिग्रॅम किंवा निष्प्रभ गोळ्या देण्यात आल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराने होणारे मृत्यू पूरक गटात ५.९ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.६ टक्के होते. येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. स्वीडनच्या मातीत सेलेनियम कमी असल्याने तेथील लोकांत त्याची उणीव आढळते. म्हणून तेथील निष्कर्ष सर्वत्र लागू करता येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अन्य चाचणीत ४२० हृदयनिकामी रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज ३०० मिलिग्रॅम कोएन्झाइम क्यू-१० दिले असता दोन वर्षांत गंभीर हृदयघटनांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. हे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, हे विसरून चालणार नाही.

याउलट, निरोगी व्यक्तींवरील मोठ्या चाचण्यांनी निराशाच पदरी टाकली. अमेरिकेतील २५,८७१ व्यक्तींच्या चाचणीत (२०१९) ड जीवनसत्त्व व ओमेगा-३ यांनी कर्करोग वा प्रमुख हृदयघटना यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटवले नाही. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत (१९९४) बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढवले. एनएडी वाढवणाऱ्या नव्या पूरकांमुळे रक्तातील एनएडी वाढते हे दिसले आहे. परंतु त्यामुळे आयुष्य वाढते, असे माणसांत सिद्ध झालेले नाही.

या सर्वांतून एक सूत्र हाती लागते : जिथे उणीव आहे तिथे पूरक उपयोगी पडते, जिथे उणीव नाही तिथे ते बहुधा निरुपयोगी व क्वचित घातक ठरते.

४. महाराष्ट्रातील उदाहरण : फोलेट आणि ब-१२
संयोजनाचा तोल बिघडल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण पुण्यात सापडते. के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ ची पातळी कमी आढळली. त्यांच्याच २००८ मधील अभ्यासातून दिसले की, गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनरोध सर्वाधिक होता. फोलेट व ब-१२ ही जीवनसत्त्वे जोडीने काम करतात; एकाचा पुरवठा वाढवून दुसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास तोल ढळतो.

वृद्धांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. वयपरत्वे जठरातील आम्ल कमी होते व अन्नातील ब-१२ नीट सुटे होत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यासही ब-१२ चे शोषण घटते. अशा व्यक्तीने केवळ फोलिक आम्लाची गोळी घेतली तर रक्तक्षय सुधारल्यासारखा वाटतो. परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. पायांना येणाऱ्या मुंग्या, चालताना जाणारा तोल व विसराळूपणा यांना ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः वेळीच ओळखल्यास ही हानी बऱ्याच अंशी टाळता येते.

५. ताटातील संयोजन
कोकणच्या पारंपरिक आहाराकडे या दृष्टीने पाहिल्यास काही गोष्टी विचार करायला लावतात. सकाळची उकड्या तांदळाची पेज हे पहिले उदाहरण. भात उकडून वाळवताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते, त्यामुळे कांडल्यावरही ते पुष्कळसे टिकते. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन यांनी पॉलिश केलेल्या तांदळाचा बेरीबेरीसारख्या विकाराशी असलेला संबंध दाखवला व त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब-१ पाण्यात विरघळते. भाताचे पाणी ओतून टाकले तर तेही जाते. पेजेत ते पाणी पोटातच जाते.

बांगडा व तारली या माशांतून ब-१२, ओमेगा-३ मेदाम्ले, प्रथिने व काही प्रमाणात कोएन्झाइम क्यू-१० एकाच वेळी मिळतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी बंद असते व त्यापाठोपाठ श्रावण येतो. तथापि ब-१२ चा साठा यकृतात दीर्घकाळ राहत असल्याने एवढ्या खंडाने उणीव निर्माण होत नाही. बारमाही शाकाहारी कुटुंबांतील वृद्धांनी मात्र तपासणी करून घेणे श्रेयस्कर. सुकी मासळी पौष्टिक असली तरी तिच्यातील मीठ रक्तदाबाच्या रुग्णास वर्ज्य समजावे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर कुळथातून सुमारे २२ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरी, कुळथाची पिठी व मासा हे ताट म्हणजे एक संयोजनच होय. फरक इतकाच की त्यातील मात्रा सहसा अपायकारक मर्यादेपर्यंत जात नाहीत.

परंपरेचेही आंधळे समर्थन करता येत नाही. दात पडलेली, एकटी राहणारी व्यक्ती अनेकदा चहा-बिस्किटांवर वेळ मारून नेते. अशा वेळी प्रथिने व जीवनसत्त्वे दोन्ही कमी पडतात आणि योग्य पूरकाची खरी गरज तेथेच असते.

६. सावधगिरीचे मुद्दे
रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम के जीवनसत्त्वामुळे कमी होतो. कोएन्झाइम क्यू-१० मुळेही तो घटल्याचे नोंदले गेले आहे. कॅल्शियम व लोह एकाच वेळी घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते. जस्त जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तांब्याची उणीव निर्माण होते. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा पोहोचते. दोन-तीन बाटल्यांत तोच घटक असेल तर मात्रा नकळत दुप्पट-तिप्पट होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची ब-१२ ची दैनंदिन गरज २.२ मायक्रोग्रॅम, तर ड जीवनसत्त्वाची ६०० एकक आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशी उत्पादने औषध म्हणून वापरण्यासाठी नाहीत, असे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. पण ती सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असल्याने गावातील वृद्धांपर्यंत पोहोचत नाही.

निष्कर्ष :
१) पेशीय ऊर्जा ही अनेक पोषक घटकांच्या सहकार्याने निर्माण होते, त्यामुळे संयोजनाचे तत्त्व शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे.
२) तथापि उणीव नसताना घेतलेल्या संयुक्त पूरकांमुळे आयुर्मान वाढते, असा भक्कम पुरावा नाही.
३) वृद्धांत ब-१२ ची उणीव हा महाराष्ट्रातील खरा व उपाययोग्य प्रश्न आहे.
४) कोकणचा पारंपरिक आहार अनेक आवश्यक घटक एकत्र पुरवतो.

शिफारशी :
१) पूरक सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करून उणीव निश्चित करावी.
२) घरातील वृद्धांच्या सर्व औषधांची व पूरकांची एक यादी करून ती डॉक्टरांना दाखवावी.
३) वेष्टनावरील सूचना मराठीतही छापाव्यात.
४) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी गावातील वृद्धांच्या आहाराविषयी जागृती करावी.
५) रोज चालणे व झेपेल असा स्नायूंचा व्यायाम करावा, तंतुकणिकांची संख्या व क्षमता वाढवण्याचा याहून अधिक सिद्ध झालेला उपाय उपलब्ध नाही.

मुंबईहून येणाऱ्या मुलाने आईसाठी बाटली जरूर आणावी. परंतु ती उघडण्यापूर्वी आई सकाळी काय खाते, कोणत्या गोळ्या घेते आणि चालताना तिचा तोल जातो का, एवढे विचारले, तर त्या बाटलीचा उपयोग होईल की नाही हे बऱ्याच अंशी तेथेच ठरेल.