*पंप सुरू झाला की ओलाव्याचा आकडा उडतो? सेन्सर बदलायच्या आधी वायर बघा*

सौरपंपावर ड्रिप ऑटोमेशन आणि ओलाव्याचे सेन्सर बसवलेल्यांसाठी आजचा मेसेज.

पंप बंद असताना मोबाईलवर ओलावा ३० दाखवतो. पंप सुरू झाला की ४५, मग २२, परत ४०. हा आकडा खरा धरून ऑटो मोड व्हॉल्व्ह उघड-बंद करत राहतो. डाळिंबाला असं कधी ताण, कधी भरमसाट पाणी मिळालं की फळ तडकतं. म्हणून हे अंगावर काढू नका.

गडबड मातीत नसते आणि बहुतेक वेळा सेन्सरमध्येही नसते. पॅनलची वीज डीसी, आपली मोटार एसी. मधला कंट्रोलर ती डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटारीला लागेल तशी बनवतो. घरात बटण दाबलं की रेडिओत 'खट्ट' व्हायचं, आठवतंय ना? इथे तेच सेकंदाला हजारो वेळा होतं. प्रत्येक वेळी काहीशे व्होल्ट डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी वर-खाली होतात. त्यामुळे मोटारीची केबल अँटेनासारखी वागते आणि शेजारच्या वायरीत नको ती वीज उतरते. यालाच नॉइज म्हणतात. कंट्रोलर बिघडलाय असं नाही, त्याचं कामच तसं आहे. मोटार ते सहन करते. सेन्सरचा सिग्नल जेमतेम एक-दोन व्होल्टचा, त्याला एवढा धक्का पुरतो.

*खात्री अशी करा:* पंप बंद असताना आकडा लिहून ठेवा. पाणी दुसऱ्या प्लॉटला सोडून पंप चालू करा, दोन मिनिटांनी परत बघा. पाणी न देता दोन मिनिटांत जमीन ओली होत नाही! आकडा उडाला तर संशय वायरीवर. घरात जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर स्टेशन नसलेल्या जागी लावून केबलच्या कडेने फिरा. गुरगुर कुठे वाढते ते कळेल. एफएमवर हे नीट कळत नाही.

*उपाय:* खर्च वाचवायला आपण दोन्ही वायरी एकाच चरीत, कधी एकाच पाईपात टाकतो. मूळ दुखणं तेच. सेन्सरची वायर मोटारीच्या केबलपासून निदान एक फूट लांब न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, समांतर नको. शिल्लक वायरीचं वेटोळं कंट्रोलरजवळ ठेवू नका. वायर जाळीवाली म्हणजे शील्डेड घ्या आणि जाळी बॉक्सकडच्या एकाच टोकाला अर्थ करा. कंट्रोलर-मोटारीचं अर्थिंग गंजलं किंवा ढिलं असेल तर तेही वायरमनकडून करून घ्या. फेराइटची कडी बाजारात मिळतात, थोडा फरक पडतो, पण चर चुकली असेल तर नुसत्या कडीवर विसंबू नका. नवीन सेन्सर घेणार असाल तर ४-२० मिलिअँपिअर किंवा आरएस-४८५ आउटपुटचा मागा. लांबच्या वायरीवर तो जास्त टिकाव धरतो.

⚠️ कंट्रोलरचं झाकण स्वतः उघडू नका. ऊन असेपर्यंत पॅनलच्या तारांत वीज असतेच, आणि स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ राहते. हमी चालू असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा.

वायर नीट होईपर्यंत ऑटो मोड बंद ठेवा. पंप बंद असतानाचा आकडा धरा आणि मुळाजवळची माती मुठीत दाबून बघूनच पाणी द्या. अडचण असेल तर चरीचा आणि बॉक्सचा फोटो ग्रुपवर टाका, सोबत पंप बंद आणि चालू असतानाचे दोन्ही आकडे लिहा.