कोरियन ‘दो’ आणि आपलं ‘तरी’

कोरियन माणसाला ‘पण’ म्हणायला वेगळा शब्द लागतोच असं नाही. ‘पण’चा प्रत्यय क्रियापदाच्या शेवटाला चिकटवला की काम होतं. ‘पिगा ओदा’ म्हणजे पाऊस येणे. ‘पिगा ओजिमान’ म्हणजे ‘पाऊस येतोय, पण...’ आणि ‘पिगा वादो’ म्हणजे ‘पाऊस आला तरी’.

मराठी माणसासाठी खरा खजिना आहे तो या ‘दो’मध्ये. ‘ना’ म्हणजे मी, ‘नादो’ म्हणजे मीही. ‘पोगो’ म्हणजे बघून, ‘पोगोदो’ म्हणजे बघूनही. आपण ‘ऊन’ला ‘ही’ जोडतो, ते ‘गो’ला ‘दो’ जोडतात! त्याहून मोठी गंमत परवानगी मागताना. आपण विचारतो, ‘इथे बसलं तरी चालेल का?’ सोलमध्ये विचारतात, ‘यॉगी आन्जादो द्वेयो?’ इथे, बसलं तरी, चालेल का. रचना तीच, क्रमही तोच. ‘आन गादो द्वेयो’ म्हणजे ‘नाही गेलं तरी चालेल’. ‘कितीही महाग असलं तरी’ म्हणायचंय? ‘आमुरी पिस्सादो’. भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, तरी हे असं जुळावं याचा मला फार आनंद वाटतो.

आता वरचा ‘जिमान’. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवायचं तर सुरुवात ‘सिल्लेजिमान’ने करतात, म्हणजे ‘माफ करा, पण...’.

‘नुन्दे’ या प्रत्ययाचं प्रकरण जास्त नाजूक. ते विरोध दाखवतं आणि पुढच्या बोलण्याची पार्श्वभूमीही तयार करतं. कुणी काम सांगायला आलं आणि समोरचा ‘चिगुम पाप्पुन्देयो’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘आत्ता जरा गडबडीत आहे, त्यामुळे...’. वाक्य तिथेच सोडायचं. नकार न उच्चारताच पोचतो आणि कुणाचं मनही दुखावत नाही. हाच प्रत्यय कौतुकालाही चालतो: ‘चाल हानुन्देयो!’ म्हणजे ‘छान जमतंय की!’

‘पण’ याच अर्थाचा ‘ना’ हा प्रत्यय जास्त करून लेखी भाषेतला. पण दोनदा आला की तो ‘असो वा नसो’चं काम करतो. आगीपासून सावध करणारी घोषणा कोरियात पोराटोरांनाही पाठ असते: ‘चाना क्केना पुलजोसिम’. झोपेत असा वा जागे, आगीपासून सांभाळा.

सगळ्यात करारी प्रत्यय म्हणजे ‘जिऑन्जॉन्ग’. ‘चुगुल्जिऑन्जॉन्ग’ म्हणजे ‘मेलो तरी बेहत्तर, पण...’. रोजच्या गप्पांत तो फारसा येत नाही, शपथेच्या भाषेत मात्र शोभतो.

म्हणीतही ‘दो’ भेटतोच: ‘हानुरी मुनॉज्यॉदो सोसानाल कुमॉन्गी इत्ता’. आभाळ कोसळलं तरी बाहेर पडायला एक भोक असतंच.

कोरियन शिकायचं मनात असेल, तर प्रत्ययांची लांबलचक यादी पाहून बिचकू नका. ‘दो’पासून सुरुवात करा, मराठीने निम्मं काम आधीच करून ठेवलंय.