काटा खाली आला, पण पट्टा?

नेवाशात लग्नाच्या पंगतीत ‘माझं दीक्षित चालूय’ म्हणत जिलबी नाकारणारे काका तुम्हालाही भेटले असतीलच. डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेली. दोनदाच जेवा, प्रत्येकी 55 मिनिटांत. किलो किती उतरले ते सगळे सांगतात, रिपोर्ट कुणी दाखवत नाही! मेटाबॉलिक सिंड्रोम वजनकाट्यावर दिसत नाही राव. कंबर (पुरुष 90, स्त्रिया 80 सेंमी), उपाशीपोटी साखर 100, बीपी 130/85, ट्रायग्लिसराइड 150 यांच्या पुढे गेलेले आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी. पाचांपैकी तीन जुळले की झालं. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी यातले बरेच आकडे सुधारतात, डाएट कुठलंही असो. फक्त पप्पांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. नाहीतर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते, शुद्धही हरपू शकते.