क्षयजंतूची तटबंदी

नाशिकजवळच्या देवळालीची कोरडी हवा फुफ्फुसांना मानवते, अशी ख्याती इंग्रजी अमदानीपासून असल्यामुळे तेथील आरोग्यभुवनांत हवापालटासाठी येणाऱ्यांचा ओघ मोठा होता. आणि १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर होईपर्यंत क्षयावर विश्रांती, सकस अन्न व स्वच्छ हवा यांवाचून वैद्यकाच्या दप्तरी फारसा इलाजही नव्हता. हवेने रोग्यास हुशारी वाटे, हे खरे; जंतूचे मात्र तिने काही बिघडत नसे.

हा चिवटपणा पाहावयाचा तर थुंकीची काचपट्टी रंगविताना पाहावी. कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत खालून आच देतात, कारण एरवी तो आत शिरतच नाही. मग २५ टक्के गंधकाम्लाने पट्टी धुतली की इतर साऱ्यांचा रंग उतरतो, आणि मेथिलीन ब्ल्यूच्या निळाईत क्षयजंतूंच्या बारीक तांबड्या काड्या तेवढ्या उरतात. ही करामत साठ ते नव्वद कार्बन अणूंच्या मायकोलिक आम्लांची. त्यांचा मेणचट थर पुष्कळ औषधांनाही अटकाव करतो. १९५२ साली प्रचारात आलेले आयसोनियाझिड या आम्लांच्या घडणीतच खोडा घालते, म्हणून त्याचा मान आजही कायम आहे.

परंतु जी तटबंदी बाहेरच्यास आत येऊ देत नाही ती आतल्याचीही वाट अडविते, आणि प्रथिने बाहेर धाडल्याखेरीज तर रोगाचा कारभार चालत नाही. याकरिता जंतूने आतल्या पटलात ‘ईएसएक्स’ नावाच्या पाच चोरदिंड्या राखल्या आहेत. पहिलीतून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनांची जोडी निघते, आणि भक्षक पेशीने जंतूला गिळून ज्या पिशवीत कोंडले तिचे पटल फोडण्यास साहाय्यभूत होते. बाहेरचा मेणचट थर ही जोडी कशी ओलांडते, याचा पुरता उलगडा शास्त्रज्ञांनाही अद्याप झालेला नाही.

काल्मेत आणि गेरँ या शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ या काळात गोक्षयाचा जंतू २३० वेळा नव्या अन्नावर वाढविला, तेव्हा याच पहिल्या दिंडीचा मोठा भाग गळून पडला आणि निरुपद्रवी बीसीजी लस हाती आली. त्यामुळे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सीवाय-टीबी’ या त्वचाचाचणीत हीच दोन प्रथिने वापरतात: बीसीजी टोचलेल्याची त्वचा त्यांना ओळखत नाही, क्षयजंतूचा संसर्ग झालेल्याची ओळखते.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, तर हवापालटाच्या भरवशावर न राहता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे, दोन्ही विनामूल्य आहेत.