भीती घालून भागत नाही: शाळा, तालीम आणि नशा

आजचा विषय जरा जड आहे, पण सुरुवात सापांपासून करूया.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यात ढोलगरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या मामासाहेब लाड विद्यालयाची सर्पशाळा प्रसिद्ध आहे. बाबूराव टक्केकर सरांनी उभं केलेलं हे काम. नागपंचमीला गावोगावची माणसं तिथं यायची आणि त्यांना साप ओळखायला शिकवलं जायचं. हा नाग, ही घोणस, हा बिनविषारी. दिसला की लगेच काठी उचलू नका. चावला तर मांत्रिकाकडं नको, थेट दवाखाना.

नोव्हेंबर २०२१ मध्ये याच गावाचं नाव वेगळ्याच कारणानं बातम्यांत आलं. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानं तिथल्या एका फार्महाऊसवर छापा टाकला. आत एमडी, म्हणजे मेफेड्रोन बनवण्याचा कारखाना निघाला. शाळेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. पण ‘असलं सगळं मुंबई-पुण्यात चालतं, आपल्याकडं नाही’ असं म्हणायची सोय त्या दिवशी संपली.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: सर्पशाळेनं सापाबाबत जे केलं, तेच नशेबाबत करायला पाहिजे. आणि ते एकट्या शाळेला जमणारं काम नाही.

नुसती भीती का चालत नाही?

आपल्या शाळेत काय व्हायचं आठवा. वर्षातून एकदा पाहुणे यायचे, कॅन्सरचे फोटो दाखवायचे, आपण हात पुढं करून शपथ घ्यायचो आणि सुटलो म्हणून पळायचो. अमेरिकेत १९८३ पासून ‘डेअर’ नावाचा असाच मोठा कार्यक्रम चालला. पोलीस वर्गात येऊन धडे द्यायचे. पुढं अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या व्यसनात फारसा फरकच दिसला नाही.

शिवाय आपण घाबरवतो भलत्याच गोष्टीला. एम्सनं केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के निघालं आणि मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला हा एकमेव प्रकार. म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन. पिक्चरमधला ड्रग माफिया लांब राहिला, हे तर घरात आणि दप्तरात आहे.

शाळेबाहेरचे १०० यार्ड

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत. १८ वर्षांखालच्यांना तर कुठंच नाही. तंबाखूमुक्त शाळेच्या सरकारी निकषांत ही हद्द रस्त्यावर पिवळ्या पट्ट्यानं आखायला सांगितलंय. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आणखी कडक आहे: मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.

पण पट्टा आखून टपरी हलत नाही. हेडमास्तरांची सत्ता गेटपर्यंत. टपरीवाला असतो गल्लीतलाच, कुणाचा तरी काका. त्याला सांगायचं तर गल्लीतल्याच माणसांनी सांगावं लागतं.

पाच वाजल्यानंतर काय?

आइसलँड हा छोटा देश. तिथं १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या पोरांपैकी ४२ टक्के पोरं महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी भाषणं वाढवली नाहीत. नियमित पाहणी करून प्रत्येक शाळेला तिचे आकडे दाखवले. पालकांनी एकत्र बसून ठरवलं की पोरं रात्री उशिरा बाहेर राहणार नाहीत. आणि खेळ, संगीत यांच्या फीसाठी सरकारनं पैसे दिले, म्हणजे संध्याकाळ मोकळी राहायला नको.

हे वाचताना मला हसू आलं. भावांनो, आइसलँडनं पैसे घालून जे उभं केलं ते आपल्या पेठांमध्ये आधीपासून आहे! तालमी आहेत, फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे. तालमीतल्या दादानं एक वाक्य बोललं तर पोरगं ऐकतं, तेवढं ते सरांचंही ऐकत नाही. अडचण एवढीच की शाळा आणि तालीम एकमेकांशी बोलत नाहीत. शाळेत गैरहजर पोरगं संध्याकाळी मैदानात दिसतं का, हे कोण कुणाला विचारतं?

आणि तालीम-जिमनंही स्वतःकडं बघायला हवं. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन ऑपरेशनच्या वेळी घसरलेलं बीपी वर आणायला वापरतात. आपल्या भागात ते व्यायामाला ‘जोर’ येतो म्हणून चोरून विकलं जातं. त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात, भास होतात, सवय लागते. इथं ओळख पटवून द्यायचं काम वस्तादांचंच आहे.

सापडलेल्या पोराचं काय करायचं?

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या नववीच्या वर्गात एकाच्या दप्तरात व्हाइटनरच्या बाटल्या सापडल्या. आठ दिवसांत त्याच्या हातात दाखला दिला. शाळा ‘स्वच्छ’ झाली. दोन वर्षांनी तो मला रंकाळ्यावर दिसला, त्यानं हात केला आणि मी रस्ता बदलला. ते आजही टोचतं.

आता सॉफ्टवेअरमध्ये काम करताना रोज बघतो: एरर दाखवणाऱ्याला शिक्षा झाली की लोक एरर लपवायला लागतात. दाखला हातात देणारी शाळा बाकीच्या पोरांना हेच शिकवते, की काही झालं तर सांगू नका.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून ते सांगतायत की व्यसन हा आजार आहे. कायदाही दार उघडं ठेवतो. एनडीपीएसच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

म्हणून एक काम करा. तालमीच्या पुढच्या बैठकीला जवळच्या शाळेतल्या एका सरांना किंवा मॅडमना बोलवा. तीनच प्रश्न घ्या: १०० यार्डांत काय विकलं जातं? कोणती पोरं मैदानातून गायब आहेत? आणि एखादं सापडलं तर दाखला न देता त्याला कुठं न्यायचं? तिसऱ्याचं उत्तर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत आहे. मुलांसाठी १०९८.

आणि रंकाळ्यावर कुणी हात केला तर थांबा. मी थांबलो नव्हतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!